बारावा पहारेकरी

बुधवारी सकाळी दुकानाचं शटर वर करून ताईने नुकता झाडू हातात घेतला होता, तेवढ्यात दगड आला. दर्शनी काच फोडून तो आतल्या मांडणीवर आदळला, तिथून उडून वह्यांच्या गठ्ठ्यावर पडला आणि काचेचा एक लांबट तुकडा तिच्या डाव्या दंडात घुसला. दुखायला थोडा वेळ लागला. आधी तिला दिसलं ते रक्त, मग दगडाला रबराने गुंडाळलेला कागद. त्यावर तीनच शब्द होते, ‘बारावा कुठे आहे?’

तिने ओठ दाबून काचेचा तुकडा उपसला, ओढणी दंडाला घट्ट बांधली आणि स्टुलावर बसून भावाला फोन लावला.

तिला सगळे ताईच म्हणायचे. सख्खा भाऊ म्हणायचा तो वेगळा, पण तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंही ताईच म्हणत. नवरा गेल्यावर वह्या, पेन, कंपासपेटी आणि थोडी खेळणी असलेलं हे दुकान तिने एकटीने चालवलं. दोन वर्षांनी धाकटा भाऊ येऊन मिळाला. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत, आणि छत्तिसावं लागलं तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. कुरिअर कंपनीत साहेबाच्या कानशिलात मारून तो नोकरी घालवून बसला होता. आईने ताईला सांगितलं, त्याला तुझ्याकडे लाव, कुठेतरी चिकटला पाहिजे. ताईने लावला.

आणि खरं बोलायचं तर त्याने दुकानाला बरकत आणली. मोठी माणसं खेळण्यांसाठी वेडी होतात हे त्याने ओळखलं होतं. वीतभर उंचीचे, बोटांपर्यंत सांधे असलेले, चेहऱ्यावरच्या जखमासुद्धा ब्रशने रंगवलेले योद्धे तो मागवू लागला. ‘किल्ल्याचे बारा पहारेकरी’ नावाची एक मालिका निघाली तशी गिऱ्हाइकं अक्षरशः तुटून पडली. पद्धत अशी की निम्मे पैसे आधी भरायचे, नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. कंपनी नोंदणीपुरतेच पुतळे बनवणार, माल बंदरात उतरणार, तिथून धाकटा टेम्पोने आणणार. बंदराचं, गोदामाचं सगळं त्याच्याकडे. गल्ला आणि गिऱ्हाइकं ताईकडे. अकरा पहारेकरी असेच आले. त्रेचाळीस गिऱ्हाइकांच्या घरी त्रेचाळीस फळ्यांवर अकरा जण रांगेत उभे राहिले आणि शेवटची जागा मोकळी राहिली.

बारावा काही येईना. आधी साचा फुटला म्हणे. मग कारखाना बदलला. मग जहाज अडकलं, मग कागद अडकले. धाकटा दरवेळी नवीन कारण घेऊन यायचा आणि ताई ते आपल्या शब्दांत लिहून सगळ्यांना पाठवायची, खाली आपलं नाव घालून. चौदा महिने झाले. मग भाववाढ सुरू झाली. एकदा वाहतुकीच्या नावाखाली, एकदा कराच्या. शेवटी मूळ किमतीच्या दीडपट झाली. सोमवारी धाकट्याने सांगितलं म्हणून तिने सगळ्यांना कळवलं, वरचे पैसे शनिवारपर्यंत भरा, नाहीतर नोंदणी रद्द.

त्या दिवसापासून फोन थांबेना. एकाने शेलक्या शिव्या दिल्या. एकाने शांतपणे लिहिलं की तुझी बोटं एकेक करून छाटीन, मग वाट बघणं म्हणजे काय ते तुला कळेल. ताईने तो मजकूर तीनदा वाचला. हा माणूस शिक्षक असेल, बँकेत असेल, कुणाचा तरी बाप असेल. आपण त्याला हसून चहा विचारलेला असेल.

धाकटा आला, फुटकी काच बघितली आणि हसला. पोलिसांत जायचं ती म्हणाली तर म्हणाला, कशाला नसती भानगड, मी आहे ना. त्याने काचेच्या जागी पुठ्ठा ठोकला आणि शटर ओढायची लोखंडी सळई, टोकाला आकडा असलेली, कोपऱ्यातून उचलून गल्ल्याच्या मागे आणून ठेवली. ताईला ते खटकलं. पण दंड ठणकत होता आणि दुकानात कुणीतरी पुरुषमाणूस आहे याचा तिला त्या क्षणी आधारच वाटला. पुढे कित्येकदा तिने स्वतःला या गोष्टीवरून बोल लावला.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास नर्स आली. सरकारी दवाखान्यात सकाळपाळी करून ती थेट यायची, पायात पांढऱ्या चपला तशाच. ती पहारेकरी कुणा मुलाबाळांसाठी नाही, स्वतःसाठी घ्यायची आणि तसं बिनधास्त सांगायची. तिने वरचे पैसे आणले होते. पैसे पुढे सरकवत ती एवढंच म्हणाली की हे मी रागाने देतेय, हे लक्षात असू द्या. ताई मान खाली घालून पावती लिहायला लागली. धाकटा तिच्या शेजारीच, गल्ल्यामागे उभा होता.

तेवढ्यात गॅरेजवाला आत आला.

हा माणूस दारात उभा राहिला की दुकानात अंधार व्हायचा. मनगटं ताईच्या घोट्याएवढी, नखांत कायमचं काळं ऑइल, आणि आवाज मात्र असा मऊ की कान देऊन ऐकावा लागे. त्याच्या काखेत एक तपकिरी खोकं होतं. ते त्याने गल्ल्यावर ठेवलं आणि नर्सला म्हणाला, थोडं थांबा, पैसे देऊ नका.

मग त्याने सांगितलं ते असं. वाट बघून बघून त्याचा धीर सुटला. दुसऱ्या एका माणसाकडे बारावा मिळतोय असं कळल्यावर त्याने तिप्पट पैसे मोजून तो घेतला. पुतळा आला तो बाहेरच्या मूळ खोक्यासकट. खोक्यावरची चिठ्ठी काळ्या शाईने गिरगटून टाकलेली होती. गॅरेजवाल्याने चिंधी पेट्रोलमध्ये भिजवून शाई हलक्या हाताने पुसली. चिठ्ठीवर प्लास्टिकचा पातळ थर होता, त्यामुळे शाई गेली आणि अक्षरं राहिली.

“ताई, हे तुमच्याच दुकानाचं नाव ना?” त्याने विचारलं.

ताईने वाचलं. दुकानाचं नाव, पत्ता, नोंदणीचा क्रमांक. खाली माल उतरवून घेतल्याची तारीख. तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची होती. सही धाकट्याची.

“माझंच आहे,” ती म्हणाली.

तिने मान वळवून भावाकडे बघितलं. अकरा आठवडे ती लोकांच्या शिव्या खात होती. अकरा आठवडे ती आपल्या नावाने लिहीत होती की माल समुद्रात आहे. तिने त्याला विचारलं, हा माल कधी आला. धाकटा म्हणाला, चिठ्ठी खोटी आहे, हा माणूस आपल्याला लुबाडायला आलाय. ते बोलताना त्याने ताईकडे बघितलंच नाही.

“मग गोदाम उघडून दाखव,” गॅरेजवाला म्हणाला. “आत्ता. आम्ही दोघं येतो.”

धाकट्याचा हात गल्ल्यामागे गेला.

पहिला फटका गॅरेजवाल्याच्या कानाच्या वर बसला. ओला आवाज झाला, ओलं लाकूड फुटावं तसा. गॅरेजवाला एक पाऊल मागे गेला, कानाला हात लावून त्याने हाताकडे बघितलं आणि मग धाकट्याचा गळा धरून त्याला गल्ल्यावरून अलगद ओढून काढलं. पुढच्या क्षणी धाकटा काचेच्या कपाटात होता. कपाट भिंतीवरून सुटलं. वरची फळी खालच्या फळीवर, ती त्याच्या खालच्या फळीवर, अशी कोसळत सगळी मांडणी खाली आली. पुतळे फरशीवर पडले, कुणाचे हात सुटले, कुणाची मुंडकी घरंगळत दारापर्यंत गेली. नर्स मागे सरकताना घसरली आणि तिचा तळहात काचांवर आला.

गॅरेजवाल्याने धाकट्याची छाती गुडघ्याखाली दाबली आणि तीन गुद्दे मारले. घाईने नाही, ठोकून बसवायचं काहीतरी ठोकावं तसे. दुसऱ्याला नाक मोडलं. तिसऱ्याला धाकट्याच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. मग तो थांबला.

“पुरे?” त्याने विचारलं.

धाकट्याने मान हलवली. गॅरेजवाला उठला, कानावरचं रक्त बाहीला पुसलं आणि आपलं खोकं उचलायला पाठ फिरवली. भांडण तिथे संपलं होतं. त्या खोलीतल्या चौघांपैकी तिघांना तसं वाटलं होतं.

धाकटा उठला तो सळई घेऊनच. मागून फिरवलेला आकडा गॅरेजवाल्याच्या उजव्या गालात, डोळ्याच्या खाली रुतला, आणि धाकट्याने तो ओढून काढला. गॅरेजवाल्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज आला. तो गुडघ्यांवर पडला, मग कुशीवर. धाकटा त्याला मारतच राहिला, पाठीवर, बरगड्यांवर, डोकं झाकणाऱ्या हातांवर. बोटं मोडल्याचं ताईला ऐकू आलं.

तिने मागून त्याचा दंड धरला. त्याने कोपर मागे मारलं, तिचा ओठ फाटला आणि ती गल्ल्याला आपटली. तोंडात रक्ताची चव आली. तिथून तिला दिसलं की गॅरेजवाल्याने डोक्यावर धरलेला हात आता खाली घसरला आहे, आणि घसरलेला हात पुन्हा वर येत नाही. धाकटा मात्र थांबत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर रागसुद्धा उरला नव्हता. तो काम उरकत होता.

ताईने स्टूल उचललं. लोखंडी पायांचं, जड, रोज ती ज्यावर बसायची ते.

पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला. समोर कोण आहे हे त्याला नीट दिसलं, हे तिने पुढे सगळीकडे शपथेवर सांगितलं. बहीण आहे हे ओळखून त्याने सळई वर केली. दुसरा फटका तिने सगळा जीव एकवटून त्याच्या हातावर मारला. हाड काडकन मोडलं, सळई पडली आणि तो भिंतीला टेकून खाली बसला, मोडलेला हात मांडीवर घेऊन. “ताई,” तो म्हणाला. एवढंच.

तिसरा फटका तिने त्याच्या गुडघ्यावर मारला. त्याची गरज नव्हती. सळई पलीकडे गेली होती आणि तो उठणार नव्हता. तरी तिने स्टूल डोक्यावर उचललं आणि मारलं, आणि मारताना तिला बरं वाटलं.

नर्सने तोपर्यंत स्वतःचा कापलेला तळहात रुमालाने बांधला होता. ती गॅरेजवाल्यापाशी बसली, त्याची मान एका अंगाला केली, घशातलं रक्त बोटाने काढलं आणि त्याच्या डोळ्याच्या खालची जखम दाबून धरली. स्टूल खाली ठेवा आणि मला स्वच्छ कापड द्या, तिने ताईला सांगितलं, वॉर्डात सांगावं तशा आवाजात. ताईने नवा कोरा टॉवेल पिशवीतून काढून दिला. शेजारच्या टायरवाल्याने पोलिसांना आणि ॲम्ब्युलन्सला केव्हाच फोन केला होता. तो दारात उभा होता, पण आत यायला त्याचा पाय उचलत नव्हता.

दवाखान्यात दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर नेलं. ताईच्या ओठाला चार टाके पडले. ती बाकावर बसलेली असताना आई आली. धावत आली होती, चपला उलट्यासुलट्या घातलेल्या. तिने आधी धाकट्याची खोली कुठली ते विचारलं, तिथे जाऊन आली आणि परत येऊन ताईच्या तोंडावर फाडकन मारली. टाके घातलेल्या बाजूवर. आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले.

मग शेजारी बसून आई हलक्या आवाजात समजावू लागली. पोलीस येतील. त्या माणसाने आधी हात उचलला असं सांग. सळई त्याच्याच हातात होती म्हण. एवढी काच फुटलीय, कोण बघणार आहे. नर्सबाईला आपण हातापाया पडून समजावू.

ताईला आठवलं, धाकटा बारा वर्षांचा असताना त्याने शेजारच्या मुलाच्या गळ्याजवळचं हाड बॅटने मोडलं होतं. तो मुलगा खाली पडलेला असताना. त्याही वेळी आई अशीच शेजारी बसून हलक्या आवाजात बोलली होती, आणि पंधरा वर्षांच्या ताईने मुलाच्या आईबापांसमोर सांगितलं होतं की तो जिन्यावरून पडला. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, कारण ती अभ्यासू, सरळ मुलगी होती.

“आई, या वेळी मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

“तुझा भाऊ आहे तो.”

“म्हणूनच.”

आई उठली आणि वरच्या मजल्यावर गेली.

पोलिसांनी तिसऱ्या दिवशी धाकट्याचं गोदाम उघडलं. छापखान्यामागची एक खोली होती, खिडकी नसलेली. आत एकोणीस खोकी होती. बाकी पंचवीस त्याने तिप्पट भावाने खपवली होती. तसं करण्यासाठीच भाव वाढवायचा आणि लोकांना नोंदणी सोडायला लावायचं, असं त्याने ठरवलं होतं. जितके कंटाळून निघून जातील तितकी खोकी त्याला मोकळी. ताईने लिहिलेले सगळे निरोप पोलिसांनी तिला मोठ्याने वाचून दाखवले. प्रत्येक निरोपानंतर ती, हे मीच लिहिलं, असं म्हणत गेली.

खोकी कोर्टाच्या हुकमाने सुटायला चार महिने गेले. ताईने ती नोंदणीच्या क्रमाने, जुन्याच किमतीला, घरोघर नेऊन दिली. ज्यांना मिळणार नव्हती त्यांचे पैसे परत केले. त्यासाठी नवऱ्याने घेतलेली जमीन विकली. काहींनी दारातूनच खोकं घेतलं आणि दार लावलं. एकाने तिला चहा दिला आणि बोलताना कपाळाला हात लावून रडला. तिला वाटलं, बोटं छाटीन म्हणणारा हाच असावा. तिने विचारलं नाही. नर्सने खोकं घेतलं, ताईचा ओठ बोटाने चाचपून बघितला आणि टाके कुणी घातले, गचाळ काम केलंय म्हणाली.

पहिल्या क्रमांकाची नोंद दुकानाची स्वतःची असायची, मांडणीत ठेवायला. गॅरेजवाल्याचं स्वतःचं खोकं पुरावा म्हणून कोर्टातच अडकलं होतं, म्हणून तो बारावा घेऊन ताई गॅरेजमध्ये गेली.

गॅरेजवाल्याचा उजवा डोळा गेला होता. तिथे आता काळी पट्टी होती आणि तिच्याखालून निघालेला व्रण जबड्यापर्यंत उतरला होता. तो एका गाडीच्या इंजिनावर वाकला होता. पाना नटावर बसवायला गेला की बोटभर बाजूला जायचा. एका डोळ्याने अंतर कळत नाही. तो पुन्हा लावायचा, पुन्हा चुकायचा. दोन बोटं वळत नव्हती. ताई तशीच उभी राहिली. चौथ्या खेपेला पाना बसला, मग त्याने मान वर केली.

हात धुऊन, पुसून, त्याने खोकं घेतलं. सगळे कोपरे उजेडात फिरवून बघितले. मग पातं घेऊन ते कापलं. खोकं कधी उघडायचं नाही असं ही खेळणी जमवणारी माणसं म्हणतात, पण त्याने उघडलं, आणि पुतळा डोळ्यापाशी धरून एकेक सांधा हलवून बघितला.

“डावा गुडघा ढिला आहे,” तो म्हणाला.

ताई म्हणाली, बदलून मिळणार नाही. तो म्हणाला, माहीत आहे.

त्याने पुतळा कामाच्या टेबलावर, पान्यांच्या शेजारी उभा केला. ढिल्या गुडघ्यामुळे तो थोडा कलला, पण पडला नाही. मग त्याने सांगितलं की दगड त्याने मारला नव्हता. सगळ्यांना त्यानेच मारला असं वाटतं, पोलिसांनाही वाटलं. ताई म्हणाली, मी तुमचं नाव कधीच घेतलं नाही.

“कोर्टात तिसऱ्या फटक्याचं सांगणार आहात?” त्याने विचारलं. “नर्सबाई सांगत होत्या, तुमचे वकील नको म्हणतायत.”

“सांगणार.”

“का मारलात तो?”

“मारावासा वाटला,” ताई म्हणाली. “त्याला दुखावं असं वाटलं.”

गॅरेजवाल्याने मान हलवली. दवाखान्यात पडल्या पडल्या आपणही रोज तेच करत होतो, तो म्हणाला, मनातल्या मनात, आणि तिसऱ्यावर थांबत नव्हतो. मग तो परत इंजिनावर वाकला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि ताईने माफी मागितलीही नाही.

कोर्टात ताईने तिन्ही फटके सांगितले. धाकट्याकडे बघून सांगितले. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या फटक्याबद्दल न्यायाधीशांनी तिला समज दिली आणि दंड केला, तो तिने त्याच दिवशी भरला. दुकानात आता पुन्हा वह्या, पेन आणि कंपासपेट्याच मिळतात.

महिन्यातून एकदा तुरुंगात भेटीचा दिवस असतो. आईच्याने आता एकटीने बस बदलून जाणं होत नाही, म्हणून ताई तिला घेऊन जाते. धाकटा ताईला भेटायला तयार नाही. आई आत जाते आणि ताई फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहते. तासाभराने आई येते, डोळे पुसत. तो बरा आहे का हे ताई विचारत नाही, आणि आईही सांगत नाही. पण परतीच्या बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसतात, आणि वळणावर गाडी जोरात वळली की आई नकळत ताईच्या दंडाला धरते.